दोनशे सरकारी मासे

मी निवडून आले त्या दिवशी वॉर्डात गुलाल उडत होता, फटाके फुटत होते आणि आमच्या दारासमोरच्या गर्दीतून एक किरकोळ माणूस पुढे सरकत होता. अंगात अर्ध्या बाह्यांचा खाकी सदरा, खांद्याला कापडी पिशवी, पायात टायरच्या चपला. मला वाटलं, हार घालतील. त्यांनी आधी माझ्या हातातला पेढा पाहिला, मग माझे हात पाहिले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मेंबरबाई, हात धुतले काय?"

हात गुलालानं लालभडक झालेले. मी मुकाट्यानं पेढा ताटात ठेवला आणि न्हाणीत जाऊन हात धुवून आले. नगरसेविका म्हणून मी केलेलं पहिलं काम ते.

वॉर्ड त्यांना मलेरियावाले काका म्हणायचा. हिवताप खात्यात त्यांचा उभा जन्म गेला. महागावपासून कळंबपर्यंत सायकल हाणली. घरोघर जायचं, ताप आहे का विचारायचं, बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, रांजणात-टाक्यात बॅटरी मारून डासांच्या अळ्या शोधायच्या आणि निघताना भिंतीवर गेरूनं तारीख टाकायची, म्हणजे मागून येणाऱ्या साहेबाला भेट झाल्याचं कळतं. रिटायर झाले, सत्कार झाला, शाल आणि छत्री मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गेरूचा डबा घेऊन गडी पुन्हा आमच्या दारात हजर.

"काका, तुमी तं रिटायर झाले ना?" मी म्हटलं.

"मी झालो. मच्छर कुठी झाले?"

उलट रिटायर झाल्यावर त्यांना जोरच चढला. साहेब नव्हता, फॉर्म नव्हता, त्यामुळे ते नुसती तारीख टाकून थांबेनात. तारखेच्या बाजूला 'पास' नाहीतर 'नापास' असा शेराही मारू लागले. गल्लीत एका पोरीला पाहायला यवतमाळहून पाहुणे आले, तर नवऱ्यामुलाच्या मामानं दारातच भिंत वाचली आणि मुलगी कितवीत नापास झाली म्हणून विचारलं. पोरगी बीएससी होती बिचारी. तिच्या बापानं काकांना गाठून वाट्टेल ते सुनावलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कूलर रिकामा करा, आत्ता पुसतो." कूलर रिकामा झाला, शेरा पुसला गेला आणि लग्नही जमलं. लग्नात काका बोहल्याजवळ गेले तेव्हा नवरदेवानं स्वतःहून दोन्ही हात पुढे करून दाखवले.

कुठल्याही पाण्याला ते पेशंट म्हणत. नाली पेशंट, हापशीभोवतीचं डबकं पेशंट, पोलिस ठाण्यामागचे जप्तीचे टायर तर सिरीयस पेशंट. आणि सगळ्यात लाडका पेशंट म्हणजे आमच्या वॉर्डाची विहीर.

ही विहीर आमच्या घरासमोर, चौकाच्या मधोमध. चांगली दगडात बांधलेली, रुंद काठाची, काठाला लागून बाहेरच्या बाजूनं खाली दोन पायऱ्या. नळ आले तशी वॉर्डानं तिच्याकडे पाठ फिरवली. मग तिच्यात निर्माल्य पडायला लागलं, मग गणपती, मग जुन्या गाद्या, चपला, एकदा तर अख्खा टीव्ही. काका मात्र दर गुरुवारी काठावर उभे राहून बाटलीला दोरी बांधत, आत सोडत, वर काढून उन्हात धरत. कचऱ्याखालच्या त्या काळ्या पाण्यात त्यांनी नोकरीत असताना गप्पी मासे सोडले होते. बोटाच्या पेराएवढा मासा, पण डासांच्या अळ्या भराभर खातो. "माहे कर्मचारी," काका म्हणायचे. "सुट्टी नाही, भत्ता नाही, चोवीस तास ड्युटी."

एक गोष्ट मला खटकायची. वॉर्डातलं सगळं पाणी तपासणारा हा माणूस स्वतः प्यायचा सायकलला लटकवलेल्या आपल्या बाटलीतलं. ही विहीर चांगली होती तेव्हाही त्यांना तिचं पाणी पिताना कोणी पाहिलं नव्हतं. एकदा मी विचारलंच.

"डॉक्टर कधी पेशंटच्या ताटात जेवते काय?" म्हणाले आणि हसत सायकलवर टांग टाकली. मीही हसले. अक्कल नव्हती तेवढी.

कापसाचे वाईट दिवस होते ते. शेतातून घरात कापूस कमी आणि फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे जास्त यायचे. मोठ्या शहरांतून कॅमेरेवाले येत आणि चौकात जो दिसेल त्याला तोंड पाडून उभं करत. त्यांच्यातल्या एका पोरीनं काकांसमोर माइकचं दांडकं धरून विचारलं, तुम्हाला आज काय वाटतं? काकांनी तिच्या हातातला समोसा पाहिला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. ते काही टीव्हीवर दाखवलं नाही.

पण त्या डब्यांचं काकांना खरंच भय वाटायचं. डबे मजबूत, झाकण गच्च. आमच्या बायांना असली वस्तू टाकवत नाही. राखेनं घासला, दोन दिवस उन्हात वाळवला की झाला शुद्ध! मग त्यात पाणी भर, तेल भर, शेतात ताक ने. काकांनी समजावून पाहिलं, घसा कोरडा केला. शेवटी पिशवीत दाभण ठेवायला लागले. ओट्यावर असा डबा दिसला की न बोलता खालून भोक पाडायचे आणि पुढच्या घरी जायचे.

एका सकाळी त्यांनी आमच्या ओट्यावरच्या डब्याला दाभण लावलं. त्यात सासूबाईंनी तेलघाणीवरून काढून आणलेलं जवसाचं तेल होतं. तेलाची धार ओट्यावरून पायरीवर, पायरीवरून रस्त्यावर. सासूबाईंचा आवाज चार गल्ल्या ऐकू गेला. "मेल्या, माहं तेल! कोन चढू देल्लं याले ओट्यावर?"

काका म्हणाले, "पाटलीनबाई, तेल गेलं ते बरं झालं. तुमी नाही गेल्या."

सासूबाईंनी त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं. दोन वर्षं. काका आले की त्या पाठ करून बसत. राग तेल सांडल्याचा होता की ते ओट्यावर चढले याचा, हे मी कधी विचारलं नाही. काकांच्या घरावर निळा झेंडा होता आणि आमच्या घरी काही गोष्टी न विचारण्याचीच रीत होती. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हे आज लिहितानासुद्धा लाज वाटते.

वॉर्डाची सभा नगरपरिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात भरायची. काका सगळ्यात आधी येत आणि माझ्या टेबलावर पाण्याची एक बाटली ठेवत. त्यात अळ्या वळवळत असायच्या. ज्याच्या घरातलं पाणी, त्याचं नाव ते सांगत नसत, फक्त सभाभर त्याच्याकडे टक लावून पाहत. त्यामुळे लाइटच्या खांबावरून भांडायला आलेला माणूस बऱ्याचदा खांब विसरून टाकी धुवायला घरी पळे. सभा अर्ध्या तासात आटोपायची. इतर वॉर्डांचे मेंबर मला विचारायचे, तुमच्या सभेत भांडणं कशी होत नाहीत वो?

एकदा जिल्ह्याहून हवामान बदलावर बोलायला एक साहेब आले. सोबत पडदा, मशीन, वायरी. "मित्रहो, पृथ्वी तापते आहे," एवढं म्हणाले आणि लाइट गेली. त्या काळी आमच्याकडे लाइट गेली की पाच-सहा तासांची निश्चिंती. साहेब घामाघूम. वॉर्डाला पृथ्वी तापल्याचा पुरावा समोरच दिसत होता. लोक उठायला लागले, तर काकांनी पिशवीतून एक सुताची दोरी काढली आणि व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लोकांच्या हातात धरायला दिली. दोरीला गाठी होत्या.

"दर अक्षय तृतीयेले मी विहिरीचं पानी मोजतो," काका म्हणाले. "पानी जेवढं खोल, तिथी गाठ. ही पयली. जोश्याच्या हातात आहे. आता यंदाची कोनाच्या हातात आहे पाहा."

यंदाची गाठ पार फाटकाजवळ उभ्या असलेल्या पानठेलेवाल्याच्या हातात होती. साहेबांनी डायरी काढून काहीतरी लिहून घेतलं. काका म्हणाले, "पेशंट अजून जित्ता आहे, साहेब. गाळ काढा, घरांवरचं पावसाचं पानी पाइपनं तिच्यात सोडा. उन्हाळ्यात टँकरच्या मागं धावा लागनार नाही." साहेब म्हणाले, "उत्तम सूचना." आणि लाइट यायच्या आत निघून गेले.

आता माझी गोष्ट. मेंबर मी होते, पण खुर्चीवर बसायची हौस आमच्या ह्यांना. ह्यांनी आणि एका ठेकेदारानं मिळून ठरवलं होतं की चौकातली घाण विहीर बुजवायची आणि वर सभामंडप बांधायचा. लग्नं होतील, हळदीकुंकू होईल, आणि दर्शनी भागात काळ्या दगडावर माझं नाव राहील. खोटं कशाला बोलू, नाव दगडावर येणार म्हटल्यावर मलाही गुदगुल्या झाल्या. ठराव आला, मी हात वर केला, मंजूर झाला. हौसेपोटी दगड तर आधीच कोरून झाला होता.

पुढच्या सभेत काकांनी टेबलावर बाटली ठेवली नाही. दोरीची गुंडाळी ठेवली. "आता हिचं काम नाही," म्हणाले. "पेशंट गाडाचाच ठरवला तं मंग मोजाचं कायले?" एरवी डोळ्यांत मिश्किली असायची, ती त्या दिवशी नव्हती. मी मान वर केली नाही.

मे महिन्यात मुरुमाचा ट्रॅक्टर आला. काकांनी विहिरीच्या काठावर बसूनच सकाळचा चहा घेतला होता. ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॉली वळवली तसे ते उठले आणि पिशवीतून एक जुनं पिवळं रजिस्टर काढून ठेकेदारासमोर धरलं.

"यात सरकारी मासे आहेत. दोनशे. हे पाहा, मोजून सोडल्याची नोंद. साहेबाची सही. आधी मासे काढून खात्यात जमा करतो, मंग खुशाल बुजवा."

ठेकेदार हसला. काका हसले नाहीत. ते थेट मुख्याधिकाऱ्यांकडे गेले. मुख्याधिकारी नवे होते आणि सरकारी मालमत्ता हा शब्द ऐकला की त्यांचा रंगच उडायचा. गाय, खुर्ची, मासा, काहीही असो, सरकारी म्हटल्यावर लेखी पावती पाहिजे. त्यांनी चिठ्ठी दिली: मासे सुस्थितीत बाहेर काढेपर्यंत भराव टाकू नये.

मग सुरू झाला तमाशा. काका कमरेला दोर बांधून मच्छरदाणीच्या तुकड्याची जाळी घेऊन विहिरीत उतरले. दुपारपर्यंत सात मासे. वरून अख्खा चौक मोजत होता. "सात झाले वो! एकशे त्र्यान्नव राह्यले!" ठेकेदार घड्याळ पाहत होता. पावसाच्या आत त्याला पाया भरायचा होता.

"बुढ्या, असे तं दिवाळी येईन!"

"मी काय करू? मासे गाद्यायच्या खाली लपून राह्यले. कचरा निघाला तं भेटतीन."

ठेकेदारानं चिडून आपले मजूर लावले. दोन दिवसांत कचरा वर आला. गाद्या, चपला, टीव्ही, आमच्या ह्यांच्या पहिल्या पराभूत निवडणुकीचे फलकसुद्धा. मासे मिळाले बावन्न. "आता गाळात बसले," काका म्हणाले. गाळ निघाला. "आता पानी जास्त आहे, दिसत नाही," काका म्हणाले. ठेकेदारानं डिझेल इंजिन आणून पाणी उपसायला घेतलं. काळं पाणी आलं, मग मातकट आलं आणि उपशाच्या तिसऱ्या दिवशी इंजिनच्या पाइपातून स्वच्छ, गार पाणी पडायला लागलं. तळाच्या दगडातून दोन झरे मोकळे झाले होते. इंजिन धडधडतंय, आणि पाणी काही हटत नाही.

नळाला तेव्हा आठ-आठ दिवस पाणी नसे आणि त्या आठवड्यात टँकरही आला नव्हता. पहिली घागर कोणी लावली माहीत नाही. तासाभरात पाइपाखाली बायांची रांग चौकाच्या बाहेर गेली. ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवून पाहिला. एकीनं त्याच्या चाकासमोर घागर ठेवली आणि म्हणाली, "चढव पाहू!"

ठेकेदार माझ्याकडे आला. हे माझ्याकडे आले. दोघेही एकदम बोलत होते. मी म्हटलं, "विहीर बुजवाची म्हणून तुमीच साफ केली नं? छान केली. आता राहू द्या." लग्न झाल्यापासून ह्यांच्यासमोर एवढं सलग मी पहिल्यांदाच बोलले. ठराव मागे घ्यायला पुढे मला बरीच बोलणी खावी लागली. माझ्या नावाचा दगड आज विहिरीजवळ उलटा टाकलेला आहे आणि वॉर्डातल्या बाया त्यावर गोधड्या आपटतात.

काकांनी बरोबर दोनशे मासे बादल्यांत मोजून खात्यात नेऊन दिले आणि पावती आणली. उरलेल्या हजारोंबद्दल विचारलं तर म्हणाले, "ते इथीच जन्मले. ते वॉर्डाचे."

"काका, खरं सांगा, हे सगळं तुमी ठरवून केलं ना?"

"मी साधा सरकारी मानूस, मेंबरबाई. मले कायले डोकं लावाले सांगता?" पण डोळ्यांतली मिश्किली परत आली होती.

आमच्याकडे विहीर उपसली की पहिली बादली पाटलाच्या घरची, अशी जुनी चाल. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा चौक घागरी घेऊन सासूबाईंसाठी थांबला होता. मी मागे पूजेचं ताट घेऊन. सासूबाईंनी काठाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. आम्ही वाट पाहतोय, तर बादली हातात घेऊन त्या उभ्याच. काका लांब सायकलला टेकून उभे होते, आपल्या बाटलीतलं पाणी पीत.

"ए मलेरियावाल्या," सासूबाईंनी हाक मारली. दोन वर्षांनी. "इकडं ये."

काका आले. सासूबाईंनी बादली आणि दोर त्यांच्या हातात दिला. "काढ."

"मी?" काका म्हणाले. "पाटलीनबाई, पयली बादली तं..."

"मले सांगू नको. काढ म्हनलं ना!"

काका काठावर चढले. त्यांनी बादली सोडली, भरली, ओढून वर घेतली. सासूबाई काठाच्या खाली उतरल्या, अगदी खालच्या पायरीवर. गुडघे धरत, कण्हत तिथे बसल्या. मी धरायला धावले तर हात झटकला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "याची माय इथी बसे. याले कडेवर घेऊन, उन्हातानात. मी नवी नवरी होती. आमच्यापैकी कोनाले वेळ असला तं वरून पानी टाको. नाही तं नाही. वरून टाकताना सांडलं तं याची माय हासे. मले ते हासनं अजून आठवते." त्यांनी काकांकडे पाहिलं. "माह्या हातून लय वेळा मुद्दाम सांडलं रे."

आणि त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ करून वर धरली. "वत."

बादली काकांच्या हातात तशीच. खाकी सदऱ्याच्या बाह्या भिजलेल्या. मला वाटलं, आता हा माणूस रडणार. मी तर केव्हाच रडत होते. काकांनी सासूबाईंच्या ओंजळीकडे पाहिलं. हळदकुंकवानं, नारळाच्या पाण्यानं माखलेली ती सुरकुतलेली ओंजळ.

"पाटलीनबाई," ते म्हणाले, "हात धुतले काय?"

सासूबाईंनी हात खाली घेतले. उलटसुलट करून पाहिले. मग माझ्यावर ओरडल्या, "उभी काय राह्यली वं? साबन आन!"